चिटाचा खटला



फॅशनसारखा विषय इतिहासाच्या व्यासपीठावर आणला म्हणजे काही श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर किंचित हसू उमटते, हे आम्हाला ठाऊक आहे. लढाया, तह आणि राज्यक्रांत्या म्हणजे इतिहास. लुगड्याचा काठ आणि सदऱ्याची कॉलर म्हणजे चार दिवसांची हौस, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या कापडापायी लंडनच्या रस्त्यांवर दंगली झाल्या, युरोपातील दोन मोठ्या राष्ट्रांना कायदे करावे लागले, नामांकित लेखकांनी लेखण्या झिजविल्या, आणि ज्याचा धागा शेवटी आपल्याच देशातील एका रंगाऱ्याच्या अंगणात जाऊन पोहोचतो, त्या कापडाला इतिहासाबाहेर कसे ठेवावे? ते कापड म्हणजे चीट. चिटाचा परकर आणि चिटाची गोधडी हे शब्द आपल्या घरांतून अजून पुरते गेलेले नाहीत. इंग्रजांनी हाच शब्द नेऊन त्याचे ‘चिंट्झ’ केले, आणि कालिकत बंदराच्या नावावरून सुती कापडाला ‘कॅलिको’ म्हटले. या चिटावर सुमारे पाऊणशे वर्षे चाललेल्या खटल्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे. खटला जुना आहे खरा. पण त्यातले मुद्दे आजच्या फॅशनच्या बाजारात पुन्हा उभे राहिले आहेत.

प्रथम वस्तू पाहू. कोरोमंडल किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणच्या परिसरात आणि त्याच्या दक्षिणेस, कापड रंगविण्याची जी विद्या होती ती नुसत्या कुंचल्याची नव्हती. ती रसायनाची होती. धुऊन शुभ्र केलेले सुती कापड आधी हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या पाण्यात भिजवीत. त्यामुळे पुढे काढलेली रेघ फुटत नसे. मग बोरूने आकृती रेखावयाची. जेथे काळा रंग हवा तेथे लोखंडाचे पाणी, जेथे तांबडा हवा तेथे तुरटीचे. त्यानंतर सारे कापड ‘चाय’ नावाच्या एका लहानशा झुडपाच्या मुळांच्या रंगात उकळावयाचे. तुरटी लागलेल्या जागीच तांबडा रंग धरला जाई. बाकीचा धुऊन आणि उन्हात वाळवून निघून जाई. निळ्यासाठी उरलेला भाग मेणाने झाकून कापड निळीच्या पिंपात बुडवीत. शेवटी निळ्यावर पिवळा हात फिरविला की पाने हिरवी होत. हे सारे व्हावयास आठवडेच्या आठवडे लागत. तांबडा आणि निळा तर असे पक्के बसत की धुण्याने फिके न पडता उलट उजळत.

युरोपात तेव्हा लोकर, रेशीम आणि लिनन यांचे राज्य होते. लोकर जड, तिला धुणे अवघड. रेशीम महाग. कापडावर ठसे उमटविण्याची कला तेथे होती, पण ते रंग पाण्याला टिकत नसत. अशा मुलखात हलके, धुता येणारे, फुलापानांनी भरलेले आणि खिशाला परवडणारे कापड उतरल्यावर काय व्हावे याची कल्पना करता येईल. ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली निघाली ती मसाल्यासाठी. कापड ती घेत असे ते मुख्यतः पूर्वेकडील बेटांत मिऱ्यांच्या बदल्यात देण्यासाठी. पण शतक संपत आले तेव्हा कंपनीच्या वखारींत मिऱ्यांपेक्षा कापडाचा थाट अधिक होता. १६८४ च्या सुमारास तिने वर्षाला दहा लाखांहून अधिक नग इंग्लंडात उतरविले.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावयाची आहे, कारण पुढे ती कामास येणार आहे. १६४३ साली कंपनीच्या चालकांनी सुरतेच्या वखारीस कळविले की, तांबड्या जमिनीच्या रजया येथे खपत नाहीत. पांढऱ्या जमिनीवर रंगीत फुले असतील तर गिऱ्हाईक मिळेल. पुढे नमुनेही विलायतेहून येऊ लागले. म्हणजे लंडनच्या बाईने ‘हिंदुस्थानी’ म्हणून जे फूल मोठ्या हौसेने अंगावर घातले, त्याची पाकळी अर्धी येथली आणि अर्धी तिच्याच गावातल्या व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून काढलेली होती. नक्षी ही सोवळ्यात राहणारी वस्तू नव्हे, ती सदैव प्रवासात असते. परंतु नक्षी प्रवास करते म्हणून ती कोणाच्याच मालकीची नाही, असे मात्र ठरत नाही.

चीट आधी पलंगाच्या पडद्यांत शिरले, तेथून उशांवर आणि खुर्च्यांवर आले, आणि अखेरीस अंगावर चढले. मग तक्रारी सुरू झाल्या. त्या दोन प्रकारच्या होत्या. एक पोटाची: लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील रेशीम-विणकर आणि गावोगावचे लोकर-कामगार रिकामे बसू लागले. दुसरी मानाची: मालकीण आणि मोलकरीण दोघी चीटच नेसू लागल्या, तर थोर कोण आणि हलकी कोण हे रस्त्यात ओळखावे कसे? पहिली तक्रार रडत सांगितली जाई, दुसरी हसत. पण जोर दोन्हींत होता.

१६९७ साली विणकरांच्या जमावाने पार्लमेंटाला वेढा घातला आणि कंपनीच्या कचेरीवर चाल केली. सरकार नमले. १७०० साली कायदा झाला की, सप्टेंबर १७०१ पासून हिंदुस्थान, इराण आणि चीन येथील रेशमी कापड व हिंदुस्थानातील छापील-रंगीत सुती कापड इंग्लंडात वापरण्यासाठी आणता येणार नाही. परदेशी पुन्हा धाडण्यासाठी आणले तर हरकत नाही. कायदा करणाऱ्यांना वाटले, झाले काम. पण रंगीत कापडाला बंदी होती, पांढऱ्याला नव्हती. व्यापाऱ्यांनी पांढरे कापड आणले आणि लंडनच्या आसपासच्या छापखान्यांनी ते छापावयास घेतले. जी विद्या बाहेर ठेवावयाची होती, ती या कायद्यानेच घरात आणून बसविली. १७१२ साली सरकारने या छापील कापडावर करही बसविला; म्हणजे विणकरांच्या शत्रूकडून तिजोरीला उत्पन्न मिळू लागले.

१७१९ च्या जूनमध्ये वणवा पेटला. बेकार विणकर लंडनच्या रस्त्यांवर टोळ्यांनी हिंडू लागले आणि चीट नेसलेली बाई दिसली की तिचे कपडे फाडू लागले. कोणावर शाई फेकली गेली, कोणावर तेजाब. ज्यांच्यावर हात पडला त्या बहुतेक साध्या बायका होत्या. सरदारणीची गाडी बंद असे. मोलकरीण पायी चाले. आणि हात टाकणारा तरी कोण? तोही उपाशी. त्या विणकरांत फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेली ह्युगेनॉट कुटुंबेही पुष्कळ होती. ज्यांनी स्वतः परागंदा होण्याचे दुःख भोगले, तेच दुसऱ्याच्या अंगावरचे वस्त्र ओढू लागले. ज्या व्यापाऱ्यांनी नफा मिळविला, ते या झटापटीत कोठेच नव्हते. गरिबांच्या दोन बाजू रस्त्यावर एकमेकींशी झगडतात आणि हिशेबाची वही तिसऱ्याच्या घरी सुरक्षित राहते, हे चित्र आपल्याला अपरिचित नाही.

रस्त्यावर दगड आणि छापखान्यात शाई, असे दुहेरी युद्ध चालले होते. विणकरांच्या बाजूने एक नियतकालिक निघाले, ‘द मॅन्युफॅक्चरर’. त्याचा लेखक डॅनियल डिफो. याच वर्षी, १७१९ साली, त्याचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ प्रसिद्ध झाला. निर्जन बेटावर बकऱ्याच्या कातड्याचे कपडे शिवून घालणारा नायक ज्याने उभा केला, तोच लेखक त्याच सुमारास लंडनच्या बायकांनी काय नेसावे याचा वाद घालीत होता! डिफोने या विषयाला १७०८ पासूनच हात घातला होता. पूर्वी जे मुले आणि मोलकरणी यांच्यापुरते होते ते आता थोरांच्या अंगावर आले, हा त्याचा टोमणा. उलट बाजूनेही पत्रके निघाली. जॉन ॲस्गिल याने छापील कापडाचा कैवार घेतला. पत्रके, विडंबने आणि गाणी यांचा पाऊस पडला. आज ज्याला आपण माध्यमे म्हणतो, त्यांनी फॅशनवर चालविलेला बहुधा हा पहिला मोठा खटला होय.

निकाल विणकरांच्या बाजूने लागला. १७२१ च्या कायद्याने २५ डिसेंबर १७२२ पासून छापील, रंगविलेले अथवा चितारलेले कॅलिको वापरणेच गुन्हा ठरला. अंगावर घातले तर पाच पौंड दंड, आणि तो चुगली करणाराला मिळावयाचा. विकले तर वीस पौंड. पाच पौंड म्हणजे साधारण मोलकरणीला वर्षाकाठी मिळणाऱ्या रोख पगाराच्या आसपासची रक्कम. शेजाऱ्यापाजाऱ्यांना शेजारणीच्या परकराकडे डोळे लावून बसण्याचे हे सरकारी आमंत्रणच होते. मलमल, निव्वळ निळ्या रंगाचे कापड आणि फस्टियन नावाचे मिश्र कापड एवढे बंदीतून सुटले.

फ्रान्सने तर हा मार्ग आधीच धरला होता. १६८६ साली तेथे चीट आणणे आणि छापणे दोन्ही बंद झाले, आणि ती बंदी १७५९ पर्यंत, म्हणजे तब्बल ७३ वर्षे टिकली. टिकली असे म्हणावयाचे, पण चालली असे म्हणवत नाही. गरिबाच्या अंगावरचे चीट जप्त होई आणि राजाची प्रीतिपात्र मादाम द पोंपादूर आपले दिवाणखाने त्याच कापडाने सजवी. मौज अशी की, बंदी चालू असतानाच फ्रेंच लोक विद्या गोळा करीत होते. १७३४ च्या सुमारास पुदुच्चेरीस बोलिय नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने रंगकामाची प्रत्येक पायरी लिहून, त्या त्या पायरीचा कापडाचा तुकडाही जपून नेला. १७४२ साली केर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने, ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून माहिती काढून, सारी कृती पत्राने मायदेशी कळविली. बंदी उठताच १७६० साली ओबेरकांफ याने पॅरिसजवळ झुई या गावी कारखाना काढला, आणि झुईचे कापड म्हणून ते जगभर गाजले. कोरोमंडलच्या रंगाऱ्याचे नाव मात्र त्या कीर्तीत कोठे आले नाही.

इंग्लंडातही तेच, पण यंत्राच्या वेगाने. फस्टियनला सूट होती. त्यात ताणा लिननचा आणि बाणा सुताचा. १७३६ च्या कायद्याने असे मिश्र कापड छापण्याची उघड मुभा मिळाली, आणि लँकेशायरने या फटीतून आपला गाडा पुढे काढला. १७७४ साली आर्कराइटच्या खटपटीने शुद्ध सुती विलायती कापडालाही मोकळीक मिळाली. खूण म्हणून त्याच्या काठात तीन निळे धागे असावेत असे ठरले. ‘हे आमचे, ते परके’ असे कापडाच्या काठानेच सांगावयाचे! कापडाच्या उगमाची कायदेशीर खूण ही कल्पना आपण आज नवीन समजतो. तिची एक जुनी आवृत्ती ही अशी आहे. अर्थात लँकेशायरच्या उत्कर्षाला एवढे कायदेच कारणीभूत झाले असे आमचे म्हणणे नाही. यंत्रे, कोळसा, गुलामांच्या कष्टांनी पिकलेला कापूस, अशी पुष्कळ कारणे होती. पण बंदीच्या सावलीत त्या रोपाला वाढावयास अवसर मिळाला, हे नाकारता येत नाही.

आणि आता या कथेतला सर्वांत बोलका कायदा. १७८७ साली ब्रिटिश पार्लमेंटाने छापील लिनन आणि सुती कापडावरील नव्या नक्षीला दोन महिन्यांचे संरक्षण दिले. १७९४ साली ते तीन महिने झाले. दुसऱ्या छापणाऱ्याने ती नक्षी उचलली तर गुन्हा. ज्या धंद्याचा पाया दुसऱ्याच्या विद्येच्या नकलेवर घातला गेला, त्या धंद्याने आपली नक्कल होऊ लागताच कायद्याचा आश्रय घेतला. आम्ही हे रागाने सांगत नाही. धंद्याचा स्वभावच तसा आहे. पण ज्याच्या अंगणातून सुरुवात झाली, त्याच्यासाठी दोन महिन्यांचेही संरक्षण कोणी मागितले नाही. डिफोच्या पत्रकांत विणकर बोलतो, ॲस्गिलच्या पत्रकात छापणारा बोलतो, कंपनी तर सर्वत्रच बोलते. या साऱ्या खटल्यात एकच साक्ष निघालेली नाही, ती रंगाऱ्याची.

या ठिकाणी कोणी श्रोता मनात म्हणेल, ‘मग ते लंडनचे विणकर स्वदेशीवालेच की!’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात खादीच्या पोषाखात जाऊन बसले. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. देशी धंदा जगावा ही तळमळ दोन्हींकडे होती. पण एक भेद आहे. काकांनी व्रत घेतले ते स्वतःच्या अंगावर. लंडनच्या कायद्याने दंड बसविला तो दुसऱ्याच्या अंगावर. होळीत आपले कापड टाकणारा स्वतः काही सोडीत होता. मोलकरणीचा परकर फाडणारा काहीच सोडीत नव्हता. शिवाय एकीकडे राज्यकर्त्यांचे पार्लमेंट पाठीशी होते, दुसरीकडे राज्यकर्तेच समोर होते. तथापि, व्रताचा आवेश सक्तीकडे झुकू लागला तर दोहोंमधले अंतर फार उरत नाही, ही सावधगिरी आपणही बाळगलेली बरी.

आता आपल्या काळाकडे येऊ. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीच्या पुरुषांच्या पोषाखांच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे दिसली. नाव दिले होते नुसते चामडी सँडल. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक, म्हणजे सर्वत्र ज्याला जीआय म्हणतात तो, मिळालेला आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे यांचा तो सामाईक आहे. मग कायद्याने काही करता आले का? येथे कायद्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे. जीआय मुख्यतः नावाचे रक्षण करतो, आकाराचे नव्हे. आणि भारतातील नोंदणीचा हात भारताबाहेर सहसा पोहोचत नाही. डिझाइन्स ॲक्ट, २००० हा नव्या नक्षीला आधी दहा आणि मग पाच वर्षे देतो. पण जी चप्पल पिढ्यान् पिढ्या चालत आली ती ‘नवी’ कशी म्हणावी? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, डिझाइन म्हणून नोंदता येण्याजोगी पण न नोंदलेली कृती यंत्राने अथवा उद्योगात पन्नासांहून अधिक वेळा काढली की तिचा कॉपीराइट संपतो. मुंबई उच्च न्यायालयात जनहितयाचिका झाली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. अर्जदार हे त्या निर्देशांकाचे नोंदणीकृत मालक नव्हते.

जे कायद्याने झाले नाही ते लोकांच्या बोलण्याने झाले. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड ॲग्रिकल्चरने पत्र लिहिले, आणि या पादत्राणांची प्रेरणा भारतीय परंपरेची आहे असे कंपनीने मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करारही केला. १७१९ ची पत्रके आणि २०२५ चा गदारोळ यांत हा मोठा फरक पडला: या वेळी चपला शिवणाऱ्यांचे नाव तरी खटल्यात आले. नाव आले म्हणून दाम आला असे नव्हे. तो या पुढच्या वर्षांत त्यांच्या हाती किती पडतो यावर कराराची परीक्षा होईल.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. आपल्या भाषेत ‘टिकाऊ’ हा शब्द फार शहाणा आहे. बायका दुकानात कापड चोळून ‘टिकेल ना?’ असे विचारीत, तेव्हा त्या धाग्याविषयी आणि संसाराविषयी एकदमच विचारीत असत. जुने चीट टिके. म्हणून झगा उसवून पुन्हा शिवला जाई, त्याची मग रजई होई, आणि तीनशे वर्षांपूर्वीचे तुकडे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही आपले तांबडे आणि निळे मिरवीत आहेत. जुने ते सारे निर्मळ होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्या कामाला नदीचे पाणी आणि सरपण पुष्कळ लागे, आणि रंगाऱ्याची मजुरी तुटपुंजी होती. पण एकदा केलेली वस्तू लवकर फेकली जात नसे. आज जगात निघणाऱ्या धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे. तो धागा कुजत नाही, आणि त्याचे कपडे मात्र हंगामागणिक टाकले जातात. न कुजणारी वस्तू चार दिवसांसाठी करावयाची, हा उलटा न्याय आहे. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीच्या २०१७-१८ च्या अहवालातून, तिने सुमारे २ कोटी ८६ लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केल्याचे उघड झाले. बोभाटा झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये तिने ही प्रथा सोडली. आणि स्वस्त कपड्याची खरी किंमत २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे मोजली गेली; राणा प्लाझा ही इमारत कोसळून तिच्यातील कपड्यांच्या कारखान्यांचे अकराशेहून अधिक कामगार मेले. आदल्याच दिवशी भिंतींना भेगा पडलेल्या दिसल्या होत्या.

कायदा येथेही आला आहे. न खपलेले कपडे नष्ट करण्यास फ्रान्सने फेब्रुवारी २०२० च्या कायद्याने बंदी केली, आणि २०२४ च्या युरोपीय नियमाने मोठ्या कंपन्यांसाठी त्याच बंदीची तारीख १९ जुलै २०२६ ठरविली. आमच्या मते या सगळ्या कथेचे सार येथे आहे. १७२१ चा कायदा नेसणाऱ्या बाईला धरीत होता. १७८७ चा कायदा नकलाकाराला धरू लागला. आताचा कायदा करणाऱ्या कंपनीला जाब विचारू पाहतो. बोट हळूहळू योग्य दिशेस वळत आहे. त्याला तीनशे वर्षे लागली. ज्याच्या हाती नफा त्याच्या शिरावर जबाबदारी, हे तत्त्व इतके साधे असूनही कायद्याला ते शेवटी सुचले.

तथापि नेसणारा यातून अगदी सुटला असे समजू नये. दंड गेला, पण प्रश्न राहिला. उद्या आपण दुकानात जाल तेव्हा किंमत विचारालच; तिच्याबरोबर हे कोणी केले आणि किती दिवस टिकेल, एवढे दोन प्रश्न विचारा. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल. तरीही विचारा. पुन्हा पुन्हा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बाजाराला शोधून ठेवावे लागते. आणि त्या शोधात कधी तरी त्या रंगाऱ्याची राहून गेलेली साक्ष निघेल.